बिनवाजंत्रीचं गुग्गुळ

मंगळवारी भर दुपारी वीरभद्राच्या देवळातनं धूर निघाला, तवा आमच्या गावानं पयलं काम काय केलं आसंल, तर हात जोडले.

हासू नका. लगीनसराई हुती. लगीनसराईत आमच्याकडं कुणाचं ना कुणाचं गुग्गुळ निघतंच. मडक्यात सरकी भरायची, वरून तेल आन गुग्गुळ घालायचा, पेटवायचं, आन ती जळती मडकी हातात घिऊन वाजतगाजत वीरभद्राला जायाचं. त्याबिगर आमच्यात नवरीला हळद लागत न्हाय. तवा देवळातनं धूर निघणं म्हंजी चुलीतनं धूर निघण्यासारखंच. हाटेलातल्या माणसांनी कपबशी खाली ठिवून पाया पडून घेतलं. एस्टीतनं उतरलेल्या बायांनी डोक्यावर पदर घेतला. वाजंत्री ऐकू येत न्हाय म्हणून बी कुणाला शंका आली न्हाय. मालक काटकसरी आसंल, म्हणले.

माझा थोरला राजशेखर आडत दुकानाच्या पायरीवर उभा हुता. देवळाचा पंच त्यो. त्यानं धूर बघितला, टोपी काढली, कपाळाला हात लावला आन हमालाला म्हणला, "कुणाचं हाय रे आज? पंचाला सांगायची रीत हाय का न्हाय?" आन फुगून आत जाऊन बसला.

हे मला कसं ठावं म्हणताल. राजशेखर नऊ महिने माझ्या पोटात बसला हुता. आता मी त्याच्या पोटात बसून ऐकते. आन त्याच्याच कशाला, घरात कुणाच्या बी पोटात मला जागा हाय. मी त्या येळी काय करत हुते ते मात्र इचारू नका. माझी जपाची येळ हुती.

आता गच्चीवर बघा. गच्चीवर दीपाली बसली हुती. माझा नातू मल्लिकार्जुन, राजशेखरचा थोरला, त्यानं येडशीकडच्या धुळाप्पा मेंढक्याची ही पोरगी करून आणली त्याला सा वर्सं झाली. रजिस्टर लगीन. त्यामुळं तिचं गुग्गुळ झालं न्हाय. आन गुग्गुळ न झालेली सून राजशेखरच्या हिशोबी घरात आलेली सून नव्हं, घरी आलेली पाव्हणी. दोघं ढोकीला ऱ्हातेत, मल्लू कारखान्यात फिटर हाय. भुवनेश्वरीचं लगीन निघालं, सख्ख्या नणंदेचं, म्हणून आठ दिस आदी आलते. गुग्गुळाचं पयलं मडकं घरच्या थोरल्या सुनेनं धरायचं आसतंय. आजवर माझी सून शिवकांता धरायची. आवंदा तिच्या गुडघ्याचं आपरेशन झालं. तर राजशेखरनं थोरल्या सुनेला सोडून लातूरच्या चुलतभावाच्या बायकोला सांगावा धाडला. दीपालीला काय काम दिलं? गच्चीवर कुरडया वाळत घातल्या हुत्या, त्यावरची माकडं हाकायचं.

तिनं उभ्या जल्मात गुग्गुळ बघितलं नव्हतं. आमीच दावलं नव्हतं. म्हणून साऱ्या गावाला गुग्गुळ दिसलं, आन तिला आग दिसली.

"आत्या! देवळाला आग लागली!"

खालनं शिवकांता म्हणती, "बोंबलू नगं. गुग्गुळ हाय ते."

"गुग्गुळाला खांब जळतेत व्हय आत्या?"

आन उत्तराची वाट न बघता ती खाली आली. पुढल्या खोलीत पाव्हण्यांच्या आहेराच्या सोलापुरी चादरींचे गठ्ठे रचून ठिवले हुते. तिनं दोन गठ्ठे काखेत मारले आन समोरच्या देवळात पळाली. मागनं भुवनेश्वरी, नवरी पोरगी, बादली घिऊन. देवळाच्या आवारातल्या हौदात दीपालीनं गठ्ठेच्या गठ्ठे बुडवले, वल्ल्या चादरी पाठीवर घिऊन मंडपात शिरली. वर छत पेटलेलं. गाभाऱ्याचं पितळी दार उघडं हुतं. तिनं दाराची कडी धरून ते वढून घेतलं, वल्ल्या चादरी दाराच्या फटीत कोंबल्या, आन उरलेल्या डोक्यावर घिऊन भाईर आली. पितळ तापलं हुतं हे तिला भाईर आल्यावर कळलं.

तवर भुवनेश्वरीनं चौकात उभं ऱ्हाऊन आशी आरोळी मारली, की हात जोडलेली सारी माणसं हात सोडून पळत आली. घागरी, बादल्या, रसाची पातेली, टँकर. सांज व्हायच्या आत आग इझली. लायटिंगची वायर तापली हुती, म्हणले. प्लास्टिकच्या फुलात गुंडाळलेली लायटिंग. कुणी लावली हुती? राजशेखरनंच. पोरीच्या गुग्गुळाला देऊळ झगमगलं पायजे म्हणून.

मंडपाचे पुढचे खांब गेले. नक्षीचं छत गेलं. ते सागवान साधं नव्हतं. निजामाच्या काळात लाकूड तोडाय बंदी हुती. माझे आजेसासरे रामलिंगाच्या रानात गेले आन एका झाडाला म्हणले, "वीरभद्रानं बोलावलंय, येतूस का?" झाड मागं मागं चालत आलं. नाक्यावर शिपायानं आडवलं तर झाडच म्हणलं, "साहेब, मी माझ्या पायानं चाललोय." हे राजशेखरला सांगितलं की त्यो म्हणतो, अव्वा, झाडाला पाय नसतेत. ल्हानपणापास्नं आसाच. काट्याचा माणूस. तोळाभर जास्तीचं त्याला खपत न्हाय.

पर बुधवारी सकाळी त्यो त्या जळक्या खांबापशी उभा हुता, तवा मला वाटलं, आत्ता जर मी म्हणले की झाड परत चालत गेलंय, तर ह्यो इस्वास ठिवील. आसं त्याचं तोंड झालतं.

---

बैठक देवळाच्या आवारातच बसली. घरात बसावं तर मंडपवाला खुर्च्या उतरवायलेला. लगीन शनिवारी. गुग्गुळ शुक्रवारी.

हौदाच्या भिंतीवर चादरी वाळत घातल्या हुत्या. काही काळ्या, काही निम्म्या, काहींची नुसती किनार. शिवकांता एकेक उलटून बघायली. तिनं सोलापूरला जाऊन दिवसभर दुकानात बसून रंग निवडले हुते. काल सांजच्याला तिच्या तोंडातनं निघून गेलतं, "आगं, कोपऱ्यात जुन्या गोधड्या हुत्या की!" आन दीपाली म्हणली हुती, "आत्या, हाताला आलं ते घेतलं."

तेवढंच. पर सकाळी त्या हाताची पट्टी बदलायला शिवकांताच बसली. आन पट्टी काढली तर तळहातावर कडीचा पीळ उमटलेला. दोरीवानी, जसा पितळंवर हाय तसाच. शिवकांतानं मलम लावलं. काही बोलली न्हाय. माझी सून बोलत न्हाय तवा जपून ऱ्हावं लागतंय. आतमंदी काय तरी शिजत आसतंय.

धाकटा शंभुलिंग धाराशिवास्नं गाडी घिऊन आला. हेडमास्तर. बसायच्या आत बोलाय लागला.

"दादा, माझं ऐक. धाराशिवला कार्यालय बघितलंय म्या. एसी हाय. लगीन तितं करू. गुग्गुळाचं काय, पुढल्या वर्सी मंडप बांधला की करू."

"लगीन शनिवारी आन गुग्गुळ पुढल्या वर्सी?" राजशेखर म्हणला. "बारसं आदी करून घिऊ का मंग?"

"मंग जळक्या देवळात नेतूस का पोरीला? पाव्हणे काय म्हणतील?"

"पाव्हण्यांचं झालं बोलून," शिवकांता चादरीकडं बघतच म्हणली. "विहीणबाईंचा फोन आलता. देऊळ जळालं तर जळालं, देव हाय न्हवं, म्हणल्या. गुग्गुळ तेवढं चुकवू नका."

शंभुलिंगचा चेहरा पडला. पर हेडमास्तर हाय, एक मुद्दा गेला की दुसरा काढतंय. "बरं, करा. पर पयलं मडकं कोण धरणार? लातूरच्या वयनीचा मला फोन हुता. ती येत न्हाय. भ्याली. म्हणती, जिथं देवानं आग घेतली तिथं मी आग घिऊन जाणार न्हाय."

ही बातमी राजशेखरला नवी हुती. त्यानं नुसतं टोपीला हात लावला, टोपी डोक्यावर हाय का बघाय.

"मी धरते," शिवकांता म्हणली. "गुडघा गेला तर गेला."

"आई, तू जिना चढताना तेहतीस कोटींना हाका मारतीस," भुवनेश्वरी म्हणली. मेंदीचे हात पुढं धरून ती पायरीवर बसली हुती. बापाची लाडकी, म्हणून बापाला भ्यायची पद्धत तिला ठावं न्हाय. "मला कुणाचा सांगावा नगं. माझं मडकं दीपावैनी धरल."

हौदाच्या कडंला दीपाली बसली हुती, पट्टीचा हात मांडीवर ठिवून. तिनं मान वर केली न्हाय.

राजशेखर म्हणला, "भुवे, तिचं गुग्गुळ झालेलं न्हाय. ज्याचं झालं न्हाय त्यानं दुसऱ्याचं धरायचं न्हाय. ही रीत म्या पाडली न्हाय."

"देव वाचवायला चालली," मल्लिकार्जुन उठून उभा ऱ्हायला. "मडकं धरायला चालत न्हाय."

"मल्लू, आवाज खाली."

"खालीच हाय सा वर्सं. अप्पा, एक सांगतो आन गप बसतो. गुग्गुळ कुणाकडनं बी करा. पर ते करताना माझी बायको गच्चीवर माकडं हाकत बसणार आसंल, तर आमी आत्ता ढोकीला जातो. शनिवारी अक्षता टाकायला येऊ, पाव्हण्यासारखं जेवू आन जाऊ. पुन्यांदा ह्या उंबऱ्याला न्हाय."

मल्लू आजवर दोनदाच आसं बोललाय. पयल्यांदा म्हणला हुता मी दीपालीशी लगीन करणार, आन केलं. ह्ये पोर बोललेलं माघारी घेत न्हाय. बापावर गेलंय.

"मी इचारलंय का कुणाला मडकं?" दीपाली म्हणली. सगळे तिच्याकडं वळले. आवाज चढवला नव्हता तिनं, पर आमच्या घरात तिचा आवाज एवढा येळ कुणी ऐकला बी नव्हता. "मामा, चादरीच्या बदल्यात मडकं, आसं मला नगं. आन म्या देव वाचवायला गेले नव्हते. खरं सांगते. रोज दुपारी शरणप्पाकाका मंडपात पडलेले आसतेत. गच्चीवरनं रोज दिसायचे. मला वाटलं आत माणूस हाय. कुणी दिसलं न्हाय, मंग दार तेवढं वढलं."

आता शरणप्पा कोण, तर आमचे पुरवंत. वीरभद्राचा मानकरी. गुग्गुळाच्या पुढं तलवार नाचवत देवाची कवनं म्हणायची ती त्यानंच. त्यो मागं भिताडाला टेकून उभा हुता. आन काल आगीच्या टायमाला त्यो कुठं हुता? हाटेलात. कपबशी खाली ठिवून स्वोताच्याच देवळाच्या आगीला हात जोडत. हे गावाला मालूम हुतं, त्यालाबी मालूम हुतं, फकस्त दीपालीला नव्हतं.

शरणप्पानं गळ्यातली दस्ती तोंडाला लावली. त्यो माणूस जत्रंत दाभण टोचून घेतो गालातनं, हूं की चूं करत न्हाय. आता डोळे पुसायलेला.

"माझ्यासाठी गेलीस व्हय गं लेकी," म्हणला.

तवा शिवकांतानं हातातली चादर खाली टाकली. म्हणले न्हवं, शिजत आसतंय.

"आहो, ऐका," ती राजशेखरला म्हणली. "चादरीचं मरू द्या. रीत रीत म्हणून आपुन हिला गुग्गुळ बघू दिलं न्हाय. बघू दिलं आसतं, तर काल ही बी गच्चीवर हात जोडून बसली आसती. आन आज देव बी नसता."

शंभुलिंग चष्मा पुसाय लागला. त्यो अडचणीत आला की चष्मा पुसतो, दोन मिंट कुणाचं तोंड बघावं लागत न्हाय.

राजशेखरच्या पोटात काय चाललं हुतं ते सांगते. त्याला ती टोपी दिसत हुती. दुकानाच्या पायरीवर धुरापुढं काढलेली. रातभर दिसली हुती. सुनेपुढं जाऊन चार शब्द बोलावं आसं त्याला पहाटंपास्नं वाटायलं हुतं. दोनदा च्या घिऊन तिच्या खोलीपतूर गेला आन स्वोताच पिऊन परत आला. मी बघितलं. पर त्याच्या बापानं त्याला रीत सांभाळाय दिली हुती, देवळाच्या किल्लीसंगट. लायटिंग लावून देऊळ जाळलं, टोपी काढून आग पूजली, आता उरली हुती ती एक रीत. तीबी मोडली तर बापाला तोंड काय दावायचं?

त्यो एवढंच म्हणला, "मला रीत मोडाय सांगू नका. रीतीत आसतं तर म्या कशाला नगं म्हणलं आसतं?"

बास. हे वाक्य म्या पदरात पाडून घेतलं.

---

"रीतीत हाय की," म्या म्हणले.

"अव्वा, तू मधी बोलू नगं."

"मी कुठं बोलायले. मी आठवायले. हे देऊळ ह्याच्या आदीबी एकदा जळालंय."

"कवा?"

"तू जल्मायच्या आदी. म्हंजी मीबी लगीन हून यायच्या आदी. मला सासूबाईनं सांगितलं. आसंच लगीन हुतं आपल्या घरात. देवळानं पेट घेतला. सारं गाव हात जोडून उभं."

शरणप्पानं मान खाली घातली.

"तर एक मेंढकी बाई सोनारीच्या भैरवनाथाला मेंढरं घिऊन चाललेली. तिनं बघितलं. तिनं काय केलं, सगळी मेंढरं हौदात बुडवली आन वल्ली मेंढरं आगीवर लोटली."

"मेंढरं जळाली न्हाईत?" भुवनेश्वरीनं डोळे मोठे केले. पोरगी हुशार. कवा डोळे मोठे करावं ते तिला कळतंय.

"वल्ली हुती म्हणले न्हवं. आन सोनारीची माकडं आलती तिच्या मागं. त्यांनी हिरीपास्नं रांग लावली आन घागरी फुडं फुडं दिल्या."

"अव्वा," राजशेखर म्हणला.

"बरं, माकडं काढ."

"मेंढरं हौदात बुडवून—"

"मेंढरं बी काढ. तुला जास्ती वाटत आसतील तर. पर बाई हुती. बाई मी सोडणार न्हाय."

आडतीत सौदा आसाच आसतोय. आदी चढा भाव सांगायचा, मंग उतरत यायचं, आन जे पायजे तितं पाय रवून बसायचं. राजशेखरला हे कळत न्हाय आसं न्हाय. त्यो माझ्याकडं टक लावून बघायला.

"आग इझली. गाव म्हणलं बाई काय देऊ तुला? ती म्हणली मला काय नगं. पर पयलं मडकं धरणारी, ती बी लातूरचीच आसंल, भिऊन पळाली हुती. पेच पडला. तवा पुरवंत हुता शरणप्पाचा आज्जा. त्यानं सांगितलं, ज्या हातानं देवाची आग इझवली, त्याच हातात देवाची आग द्यायची. गाव म्हणलं, तिचं गुग्गुळ झालेलं न्हाय. त्यो म्हणला, आगीतनं जाऊन आली न्हवं? गुग्गुळ म्हंजी आनखी काय आसतंय? तवापास्नं ती रीत. देऊळ जळालं, तर इझवणारीनं पयलं मडकं धरायचं. देऊळ परत जळालंच न्हाय, म्हणून तुमाला ठावं न्हाय. व्हय का न्हाय रे शरणप्पा?"

शरणप्पानं माझ्याकडं बघितलं, मंग दीपालीच्या पट्टीकडं. मंग दस्ती खांद्यावर टाकली आन छाती पुढं काढली.

"व्हय. कवनात हाय त्ये."

आन त्यानं कानडीत एक कवन खड्या आवाजात सुरू केलं. आवारातली कबुतरं उडाली. बाकीच्यांना त्याची जुनी कानडी कळत न्हाय. माझं माहेर कर्नाटकात, आळंदाकडचं, मला सगळं कळलं. बारशाला म्हणतो तेच हुतं. बाळाला दात लवकर येऊ दे, आसं शेवटी. पर काय गायलं म्हणता!

"हे पयल्यांदाच ऐकायलो मी," शंभुलिंग म्हणला.

"तू शाळंत गेलतास तवा."

त्यानं चष्मा डोळ्यावर चढवला. मला वाटलं हेडमास्तर आता साल इचारतोय. पर चष्म्यातनं त्याला ती पट्टी दिसली का काय कोण जाणे. म्हणला, "हां... दादा, आपले अप्पा एकदा बोलल्यासारखे वाटतेत. मेंढकीण, मेंढकीण आसं काय तरी."

कार्यालयाचं नाव त्यानं पुन्यांदा काढलं न्हाय.

आता सारे राजशेखरकडं बघायलेले. त्यो उठला. जळक्या खांबापशी गेला, खांबाला हात लावला. हात काळा झाला. तसाच गाभाऱ्याच्या दारापतूर गेला आन आत बघितलं. आत समई जळत हुती. आगीच्या आदीपास्नं इझली न्हाय, आसं शरणप्पा सांगतो. सकाळी दार उघडून आत पयल्यांदा शरणप्पा एकटाच गेलता, हे मी काय बोलत न्हाय. वीरभद्राच्या मुखवट्यावर काजळीचा ठिपका न्हाय. मिशा चकचकीत.

राजशेखर लई येळ हात जोडून उभा ऱ्हायला. ह्या बारीला जागा बरुबर हुती.

मंग त्यो दीपालीपुढं आला.

"हात कसा हाय?"

"बरा हाय मामा."

"मूठ वळती का?"

"न्हाय वळत."

"मडकं उजव्या हातात धरतेत," त्यो म्हणला.

मल्लूनं गाडीची किल्ली उचलली. शिवकांतानं "आहो" म्हणून तोंडाला पदर लावला. माझ्याकडं बी काय उरलं नव्हतं. सगळा माल सौद्यात घातला हुता, मेंढरं, माकडं, सगळं.

तवा राजशेखर माझ्याकडं वळला.

"अव्वा, तू एक इसरलीस."

"काय रं?"

"ती मेंढकी बाई. डावरी हुती ती." त्यानं काळा झालेला हात धोतराला पुसला. "डाव्या हातानं धरलं हुतं तिनं मडकं. तशीच रीत हाय."

माझ्या तोंडाचं बोळकं उघडंच ऱ्हायलं. ह्या पोरानं शाळंत मार खाल्ला पर खोटं बोललं न्हाय. दुकानात गिऱ्हाईक गेलं पर काटा हालवला न्हाय. झाडाला पाय नसतेत म्हणणारं माझं पोर.

"व्हय की," म्या म्हणले. "डावरीच. म्हातारपणी ध्यानात ऱ्हात न्हाय बघ."

दीपाली उठून उभी ऱ्हायली. ती एकदा माझ्याकडं बघती, एकदा सासऱ्याकडं. येडी न्हाय ती, तिला सगळं कळलं हुतं. तिनं वाकून पाया पडायला हात पुढं केला, तर राजशेखर मागं सरला.

"ऱ्हाऊ दे. हात दुखंल." आन मल्लूकडं न बघताच म्हणला, "ती किल्ली ठिव खाली. येडशीला फोन लाव. धुळाप्पांना म्हणावं, पोरीचं गुग्गुळ हाय परवा. व्याही आलं पायजेत."

सा वर्सात पयल्यांदा त्यानं त्या माणसाला व्याही म्हणलं. मल्लूला नंबर लावता यीना. भुवनेश्वरीनं मेंदीच्या हातानं फोन घिऊन लावला, आन फोनचा सत्यानाश केला.

---

बेस्तरवारी आणखी एक गंमत झाली. सकाळपास्नं गावातली एकेक बाई दारात येऊन उभी. पदराखालनं चादर काढायची, शिवकांताच्या हातात द्यायची आन न बोलता जायाची. कुणाची पेटीत ठिवलेली, कुणाची घडी न मोडलेली, एक तर हाटेलवाल्यानं आणली. काहींवर नावं भरलेली. त्यामुळं विहीणबाईला आहेरात गेलेल्या चादरीवर 'बजरंग आणि सुमन' आसं लिहिलंय. विहीणबाई आजून इचारतेत, हे कोण? शिवकांता सांगती, आमचे जवळचे हायेत.

शुक्रवारी सकाळी गुग्गुळ निघालं. हलगी, सनई, शरणप्पाची तलवार. पयलं मडकं दीपालीच्या डाव्या हातात, खाली वल्ल्या फडक्याची चुंबळ. सरकी पेटलेली, ज्वाळ वीतभर वर. एका अंगाला मल्लू, मागं धुळाप्पा, खांद्यावर नवी घोंगडी, रडतंय का हासतंय कळंना. पट्टीच्या हाताच्या अंगाला राजशेखर. अंगात नवा कोट, डोक्यावर टोपी. आन हातात पाण्यानं भरलेली बादली.

धूर वर गेला मातर, गल्लीगल्लीतनं माणसं पळत आली. घागरी, पातेली, बादल्या. वाजंत्री चालू आसताना! एकानं तर शरणप्पावर अर्धी कळशी वतली बी. त्यो भिजल्या अंगानं नाचला.

मुरुमकडच्या एका पाव्हण्यानं राजशेखरच्या बादलीकडं बघून इचारलं, "आण्णा, हे काय?"

"आमच्या घराण्याची रीत हाय," राजशेखर म्हणला. "पयल्या मडक्यासंगट सासऱ्यानं बादली धरायची."

"कवापास्नं?"

"निजामाच्या काळापास्नं."

बादली जड हुती, हात बदलायला त्यो तयार नव्हता. निम्मं पाणी त्याच्या धोतरावर सांडलं, निम्मं दीपालीच्या पायावर. तरी देवळापतूर त्यानं ती खाली ठिवली न्हाय.

मी मागनं गुमान चालत हुते. नऊ महिने पोटात हुता. थोडं तरी अंगी लागणारच की.